मागचं बेअरिंग

इंधन तोडल्याची खूण झाली तशी मंजुश्रीनं कानांवरचे इअरमफ मानेवर ओढले आणि रस्त्याच्या कडेला साचलेल्या सोयाबीनच्या भुशात पाय रोवून ती उभी राहिली. समोर ती लांबोडकी, बुटकी मोटारसायकल मागचं चाक अधांतरी ठेवून लोखंडी घोडीवर चढवलेली होती. तिच्या मागच्या दोन नळ्यांतून अजून गरम हवा येत होती आणि त्या हवेआडून पलीकडच्या शेतातली फुलोऱ्यातली तूर वितळल्यासारखी दिसत होती.

आतली आग विझली तरी असं टर्बाइनचं इंजिन लगेच थांबत नाही. आतलं पात्यांचं चाक आपल्याच जोरावर मिनिटभर फिरत राहतं, आणि त्याची किंकाळी उतरत उतरत आधी शिट्टी होते, मग सुस्कारा, मग नुसती कुजबुज. इंजिनाची तब्येत कळते ती याच मिनिटात, असं तिच्या नवऱ्याचं, धम्मरत्नचं म्हणणं. तो एक हात गुडघ्यावर टेकवून वाकला, उजवा कान इंजिनाच्या पोटाशी नेला आणि दुसरा हात वर धरला. तो हात वर असेपर्यंत कुणी बोलायचं नाही, हलायचंही नाही, हे सगळ्यांना पाठ होतं. पुढं रस्त्यावर वेग मोजणाऱ्या दिव्यांच्या तारा सोडत चाललेले चिंतामणराव तार हातात धरून जागीच थांबले. गाडीवर पालथी पडलेली प्रतीक्षा हेल्मेटमधून समोरच्या डांबराकडं बघत राहिली.

तेव्हा मंजुश्रीला तो आवाज आला. उतरत्या सुस्काऱ्याच्या वर, त्याच्याशी काही नातं नसल्यासारखा, काचेवर नख ओढावं तसा बारीक. चाक मंदावत गेलं तरी तो ताठ राहिला आणि मग एकाएकी तुटला.

"साफ," धम्मरत्न म्हणाला आणि सरळ उभा राहिला.

चिंतामणराव पुन्हा तार सोडत चालू लागले.

रस्ता सुलतानपूरला वळसा घालून जाणारा होता. पुढं नाल्यावरचा पूल अर्धा राहिल्यानं तो कधी उघडलाच नव्हता. कापणीच्या दिवसांत गावानं त्यावर सोयाबीन वाळवलं, पोरांनी क्रिकेट खेळून घेतलं, आणि आता सरपंचाच्या तोंडी परवानगीवर एका सकाळपुरता तो धम्मरत्नचा झाला होता. पहाटेपासून चौघांनी खराटे घेऊन तो झाडला होता. वाऱ्याबरोबर थोडा भुसा परत येत होता, पण फार नाही.

गावात या गाडीला भोंगा म्हणत. धम्मरत्न तिला काहीच म्हणत नसे. हवाई दलात त्याची सगळी नोकरी इंजिनांवर गेली. गावं बदलत राहिली, भाषा बदलत राहिल्या, काम तेच राहिलं. एखाद्या इंजिनाबद्दल कागद एक सांगतोय आणि मन दुसरंच, असं झालं की त्याला बोलावणं येई. तो यायचा, वाकायचा, ऐकायचा आणि बोट ठेवायचा. निवृत्त होऊन तो वडिलांच्या गावी आला तेव्हा ही गोष्ट सांगायला त्याच्याजवळ भरपूर वेळ होता आणि ऐकायला कुणी नव्हतं. वर्षभर तो ओसरीवर खुर्ची टाकून बसला. मंजुश्री सकाळी मेहकरला कामाला जाताना तो तिथं असे आणि संध्याकाळी परत आली की तिथंच असे. खुर्ची तेवढी उन्हाप्रमाणं सरकलेली.

मग जालन्याच्या एका भंगारवाल्याकडं त्याला हे टर्बाइन दिसलं. उभ्या विमानाला वीज पुरवणाऱ्या गाड्यावरचं, जुनं, मोठ्या घागरीएवढं. ते त्यानं गोधडीत गुंडाळून घरी आणलं आणि त्या दिवसापासून तो खुर्चीवर बसलेला कुणाला दिसला नाही. गोठ्याच्या जागी पत्र्याची शेड उभी राहिली. नळ्या वाकवून, जोडून गाडीचा सांगाडा झाला. भिंगरीपेक्षा कितीतरी जोरात फिरणारं आतलं चाक रस्त्यावरच्या चाकाला जोडायचं कसं, यात दोन पावसाळे गेले. दातेरी चाकं बनवून आणावीत, ती दात टाकून मोडावीत, पुन्हा बनवावीत, असं चाललं. शेवटी जमलं. आता जानेवारीत दक्षिणेतल्या एका वापरात नसलेल्या धावपट्टीवर सरळ रेषेत वेग मोजण्याचा मेळा भरणार होता. त्यात गाडीचं नाव गेलं होतं, आणि चालवणारी म्हणून प्रतीक्षाचं.

प्रतीक्षा ही त्याच्या बहिणीची मुलगी. मेहकरच्या एका प्रयोगशाळेसाठी ती गावोगावच्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने मोटारसायकलवर गोळा करत फिरायची आणि सुट्टीच्या दिवशी मातीतल्या शर्यतींत उतरायची. अंगानं काटक, डोक्यानं थंड. मूठ पिळल्यावर हे इंजिन दोन श्वास विचार करतं आणि मग एकदम पाठीत ढकलतं, हे तिनं न घाबरता समजून घेतलं होतं. या गाडीवर चालवणारा पालथा पडतो. इंजिन त्याच्या गुडघ्यांमागं येतं. मध्ये धम्मरत्ननं पोलादी पत्रा बसवला होता, पण आतलं चाक फुटलंच तर तो पत्रा आपल्या समाधानापुरताच, हेही त्यानंच सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, लपवाछपवी न करता.

"आता पळवायची?" प्रतीक्षानं हेल्मेटची काच वर करून विचारलं.

"थोडी थंड होऊ दे. मग उतरवू घोडीवरून."

मंजुश्री जवळ आली. "पुन्हा एकदा नुसतीच लावून पाहा ना," ती म्हणाली.

"काऊन?"

"असंच. मले पाह्यचं होतं."

धम्मरत्ननं तिच्याकडं पाहिलं. इतक्या दिवसांत तिनं या इंजिनाबद्दल असं काही मागितलं नव्हतं. ती चहा आणायची, कंदील धरायची, जड वस्तूचं दुसरं टोक उचलायची. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि ते सुखाचंच होतं. ते पाहून मंजुश्रीनं नजर रस्त्याकडं वळवली.

"लावतो," तो म्हणाला. "प्रतीक्षा, उतर तू. हेल्मेट काढ, मोकळी हो जराशी."

मेहकरला कानाच्या डॉक्टरांकडं मंजुश्री श्रवणचाचणी घ्यायची. काचेच्या खोलीत माणूस बसतो, ती बाहेर. ती बटण दाबते, आवाज आला की त्यानं बोट वर करायचं. जाड आवाजापासून बारकाकडं जायचं. लोक फार फसवतात, हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. आवाज न येताच बोट वर करतात, तिच्या खांद्याची हालचाल हेरतात, काचेत तिच्या हाताचं प्रतिबिंब शोधतात. फसवून काय मिळणार, हे त्यांनाही सांगता येत नाही. जन्मभर पिठाच्या गिरणीत राहिलेले, डीजे वाजवणारे, थ्रेशरवर काम केलेले. सगळ्यांचा आलेख सारखा दिसतो. आधी सपाट, मग बारीक आवाजांच्या बाजूला कड्यावरून पाय घसरावा तसा खाली.

धम्मरत्नचा आलेख तिनं कधी काढला नव्हता. दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा तो हसला. माह्ये कान सरकारनं वापरले आहेत, त्याहीपेक्षा मोठा डॉक्टर कोणता, असं काहीसं म्हणाला. पण आलेख काढायची गरज तिला नव्हती. पुण्याहून नात इरा फोनवर बोलायची, तेव्हा तो थोडा वेळ कानाशी धरून म्हणायचा, नेटवर्क खराब आहे, आणि फोन तिच्याकडं द्यायचा. तिला इराचा शब्दन्शब्द ऐकू यायचा. घरात दोन माणसं असली की अशा गोष्टींना वाट काढून देता येते. मंजुश्रीनं ती दिली होती. फोन ती घ्यायची, कुकरजवळ ती थांबायची. यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

इंजिन पुन्हा सुरू झालं. आधी बॅटऱ्यांच्या जोरावर घरघर, मग आत आग धरल्याचा धप्प आवाज, आणि मग ती चढत जाणारी किंकाळी, जी अंगावरच्या कपड्यांनाही जाणवायची. लांब बांधावर चरणाऱ्या शेळ्या एकदम एका बाजूला वळल्या. धम्मरत्ननं मापकांच्या काट्यांकडं बघत थोडा वेळ तिला तशीच ठेवली, मग हात आडवा फिरवला आणि इंधन तोडलं.

मंजुश्रीनं इअरमफ काढले. प्रतीक्षानंही काढले.

धम्मरत्न वाकला, हात वर केला. किंकाळी शिट्टीवर आली, शिट्टी सुस्काऱ्यावर. आणि त्याच्या वर तो आवाज पुन्हा उभा राहिला, आधीपेक्षा ठळक. आता शंकेला जागा नव्हती. तो इंजिनाच्या मागच्या बाजूनं येत होता, धम्मरत्नच्या कानापासून वीतभर अंतरावरून. मंजुश्रीच्या दातांना तो जाणवला. प्रतीक्षानं मान वर केली.

आवाज चालू असतानाच धम्मरत्ननं त्यांच्याकडं तोंड वळवलं. "ऐका," तो हलक्या आवाजात म्हणाला. "पाण्यावानी फिरून राह्यलं."

प्रतीक्षा मामीकडं बघत होती. मंजुश्री तिच्याकडं. आवाज तुटला. मग कुजबुज, मग काहीच नाही. वाऱ्यानं रस्त्यावरून भुशाची एक रेघ पुढं सरकवली.

"चला," धम्मरत्न म्हणाला. "उतरवू गाडी."

प्रतीक्षानं हातमोजा ओढून काढला, मनगट उलटंपालटं करून पाहिलं. "मामा, आज नको," ती म्हणाली. "मनगट लचकल्यासारखं वाटून राह्यलं. काल देऊळगावच्या रस्त्यावर खड्ड्यात गेली होती गाडी. तवापासून मुठीत जोर नाही येत."

"मंग सांगाचं ना आधी."

"वाटलं होईन मोकळं."

धम्मरत्न त्यावर रागावला नाही. रस्त्याच्या त्या टोकाकडं, जिथं चिंतामणराव आता दोन्ही दिवे लावून खूण करत होते, तिकडं पाहून त्यानं हात हलवला. "राहू दे," तो म्हणाला. "हात महत्त्वाचा. जानेवारीत थेट तिथंच पळवू. इंजिन सुरात लागलं आहे आता. त्याले मी तोवर हातच लावत नाही. लागलेल्या इंजिनाले उगाच खोललं की ते रुसते."

एवढ्यावर सगळं मिटलं असतं. प्रतीक्षानं मोजे हेल्मेटात टाकले आणि मामीकडं पुन्हा एकदा पाहिलं. त्या नजरेत, मी माझं केलं, असं काही होतं. मंजुश्रीला ते कळलं. तिला हेही कळलं की गाडी आता पिकअपवर चढेल, शेडमध्ये जाईल, तिच्यावर चादर पडेल, आणि जानेवारीत ती पोरगी त्या आवाजावर पालथी पडून मूठ पिळेल. तोवर मनगटाचं निमित्त कुणाच्या लक्षातही राहणार नाही.

"खोला ते," ती म्हणाली.

"काय?"

"इंजिन. मागच्या बाजूनं आवाज येऊन राह्यला. चाक थांबता थांबता येते. बारीक."

धम्मरत्न हसला. "आत्ता तर ऐकलं मी. दोनदा."

"दोन्ही वेळा आला."

"मंग मले काऊन नाही आला?"

मंजुश्रीला वाटलं होतं की हे वाक्य कधी बोलायची वेळ आलीच तर ती घरात बोलेल, जेवण झाल्यावर, दुसरं कुणी नसताना. काचेच्या खोलीतून बाहेर आलेल्या माणसांशी डॉक्टर कसे बोलतात, ते तिनं पुष्कळदा ऐकलं होतं. आधी वयाचं सांगतात, मग आलेख दाखवतात. तिच्याजवळ इथं आलेख नव्हता.

"तुम्हाले तो ऐकू येत नाही," ती म्हणाली.

चिंतामणराव तारेचं भेंडोळं खांद्यावर घेऊन तोवर जवळ पोचले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा कारकून माणूस मोजमापाच्या हौसेनं या कामात ओढला गेला होता. काय झालं ते त्यांना कळलं नाही, पण काहीतरी झालंय एवढं कळलं. ते भेंडोळं खाली न ठेवता तसेच उभे राहिले.

धम्मरत्ननं प्रतीक्षाकडं पाहिलं. "तुले आला?"

प्रतीक्षानं हेल्मेटमधले मोजे बाहेर काढले आणि पुन्हा आत ठेवले. "आला, मामा."

"मनगट?"

"मनगट चांगलं आहे."

"चिंतामणराव, तुम्हाले?"

"मी लांब होतो," चिंतामणराव म्हणाले. मग भेंडोळं खांद्यावर सावरत, "आणि जवळ असतो तरी माझा काही भरवसा नाही. आमच्याकडे दाराची बेल सूनबाईच ऐकते."

कुणी हसलं नाही. धम्मरत्न खाली बसला. इंधनाचा कॉक बंदच होता, त्यानं तो चिमटीत धरून आणखी आवळला. मग टाकीचं झाकण आवळलं. मग उठून पँटवरचा भुसा झटकला.

"चढवा," तो म्हणाला.

गाडी पिकअपवर चढवताना चौघांचे हात लागले. नेहमीसारखंच, डावीकडं घ्या, सावकाश, दोरी टाका, एवढंच बोलणं झालं. निघताना तो पुढं बसला नाही. मागं, गाडीच्या शेजारी, हौद्यात टेकून बसला. गावात शिरताना चौकातल्या माणसांनी विचारलं, काय झालं, पळाली का. त्यानं हात हलवला. त्याचा अर्थ ज्याला जो हवा तो घेता आला असता.

घरी आल्यावर इंजिन निवायला ठेवलं. चिंतामणराव चहा घेऊन मेहकरला गेले. प्रतीक्षा थोडी घुटमळली, मामाच्या पाया पडावं की नाही अशा पेचात असल्यासारखी, आणि मग न पडताच निघाली. मंजुश्रीनं भाकरी टाकल्या, पिठलं केलं. तो जेवला. वाढ म्हणाला, पुरे म्हणाला. जेवण झाल्यावर हात धुऊन शेडकडं गेला आणि तिथून हाक आली.

"मंजू, ट्रे धरतं का?"

ती गेली. पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या आडव्या पडल्या होत्या. त्यानं मागच्या नळ्या आधीच उतरवल्या होत्या. एकेक बोल्ट सुटत गेला आणि ट्रेमध्ये, ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं, मांडला गेला. तो घाई करत नव्हता. त्याचे हात काम करताना मंजुश्रीला आवडायचे. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं त्याचं काही निरखून पाहिलं असेल तर ते हातच. आज ते नेहमीपेक्षा सावकाश होते, इतकंच.

मागचं बेअरिंग निघालं तेव्हा त्यानं ते रॉकेलमध्ये बुडवून पुसलं, उजेडात धरलं. दिसायला त्यात काही नव्हतं. कडं चकचकीत, गोळ्या जागच्या जागी. त्यानं ते कानाशी नेलं आणि बोटानं फिरवलं. तसाच हात क्षणभर कानाशी राहिला. मग त्यानं बेअरिंग खाली घेतलं, डोळे मिटले आणि अंगठ्याच्या नखानं आतल्या कड्याची चाकोरी चाचपत गेला. सावकाश, एक पूर्ण फेरा. दुसऱ्या फेऱ्यात नख थांबलं.

"हे पाह्य," तो म्हणाला.

त्यानं तिचं बोट धरून तिथं टेकवलं. खसखशीच्या दाण्याएवढा खड्डा होता. पुसून जाईल असं वाटावं इतका, पण तो जात नव्हता.

"एक गोळी याच्यात अडकली असती," धम्मरत्न म्हणाला. "चाक जागच्या जागी आखडलं असतं. पाती सुटली असती." त्यानं गाडीकडं पाहिलं. सांगाड्यातल्या त्या पोकळीकडं, जिथं प्रतीक्षाचे गुडघे यायचे. "पत्र्यानं काही झालं नसतं."

बेअरिंग त्यानं ट्रेमध्ये ठेवलं नाही. चिंधीवर, वेगळं ठेवलं.

नवीन बेअरिंग परदेशातून यायला वेळ लागला. ते आलं, बसलं, आणि ती चौघं ठरल्याप्रमाणं जानेवारीत दक्षिणेकडं गेली. प्रतीक्षानं गाडी पळवली. वेग चांगला लागला. टर्बाइनच्या गटात दुसरी मोटारसायकलच आलेली नसल्यानं तो त्या मेळ्याचा विक्रमही ठरला. मेहकरच्या वार्ताहरानं रॉकेटवर बसलेली कन्या म्हणून बातमी दिली आणि फोटोत चिंतामणरावांना प्रशिक्षक केलं. त्या दिवशी प्रत्येक फेरीनंतर इंजिनाशी वाकून ऐकलं ते मंजुश्रीनं. धम्मरत्न तेव्हा थोडा दूर, दोरखंड आवरत राही. तिनं मान हलवली की पुढची तयारी सुरू व्हायची. हे त्यांच्यात कधी ठरलं, ते दोघांपैकी कुणालाच नेमकं सांगता आलं नसतं. पण ते नंतरचं.

त्या दुपारी ट्रेवर फडकं टाकून झाल्यावर तो रंगाच्या उपड्या डब्यावर बसला. धुण्याची पावडर हातांना चोळत राहिला. काळं निघून गेलं तरी चोळत राहिला. मंजुश्रीनं तांब्यानं पाणी घातलं.

"कवापासून असंन?" त्यानं विचारलं.

"नोकरीतच झालं असंन. हळूहळू होते. माणसाले समजत नाही."

"हाव," तो म्हणाला. "इकडं रिटायर होऊन आलो ना, तवा मले वाटलं, गावात डास कमी झाले. सकाळी उठून पाहाचं तं अंगभर चावलेलं."

मंजुश्रीला हसू आलं आणि तिनं ते आवरलं नाही. तोही थोडा हसला. मग टॉवेलानं एकेक बोट पुसत म्हणाला, "कसा होता?"

"काय?"

"आवाज."

"बारीक होता."

"बारीक तं समजलं. घासल्यासारखा होता, का वाजल्यासारखा? एकसारखा होता, का तुटूनतुटून?"

"एकसारखा. मंग एकदम तुटला."

"करून दाखव."

तिनं शेडच्या दाराकडं पाहिलं. बाहेर कोंबड्या होत्या, आणखी कुणी नव्हतं. "असं काय करून दाखवते कोणी," ती म्हणाली.

"करून दाखव ना. मले समजलं पाह्यजे कसा राह्यते तो. आतापर्यंत ओळखत होतो मी त्याले."

ती समोरच्या लाकडी ठोकळ्यावर बसली. पदर मांडीवर गोळा केला. लहानपणी देऊळघाटला असताना तिला शिट्टी चांगली यायची. पोरीच्या जातीनं शिट्टी वाजवू नये म्हणून आजीनं ती बंद करवली होती. तिनं जीभ दातांमागं लावली, ओठ ताणले आणि हवा सोडली. पहिल्यांदा नुसती फुसफुस झाली. मग आवाज सापडला. सकाळच्या आवाजाइतका उंच नव्हता, पण त्याच घरातला. पातळ, सरळ. पत्र्याला लागून तो शेडभर फिरला. बाहेरची एक कोंबडी मान वाकडी करून थांबली.

धम्मरत्न तिच्या तोंडाकडं बघत होता, लक्ष देऊन, थोडा पुढं वाकून.

"कर ना," तो म्हणाला.

मंजुश्री थांबली नाही. श्वास संपत आला तसा तिनं तो पटकन घेतला आणि आवाज किंचित खाली आणला. तो तसाच बसून होता. तिनं आणखी खाली आणला. कामावर ती जशी एकेक पायरी बदलते तशी, मध्ये थांबून, समोरच्याचा चेहरा बघून, पुन्हा. इराचा आवाज मागं वर राहिला असेल. कुकरची शिट्टी होण्याआधीचा फुसकारा मागं राहिला असेल. तिच्या हातातल्या बांगड्यांची किणकिणही. तिला आता ओठ मोकळे सोडावे लागले, आवाज जाड होत चालला. शिट्टीचा तो बारीकपणा गेला आणि रानातल्या एखाद्या पाखराच्या हाकेसारखं ते ऐकू येऊ लागलं. तरी तो थांबलेलाच. ती आणखी उतरली.

"हां," धम्मरत्न म्हणाला. "थांब. आला आता."

तिनं तो सूर धरून ठेवला. कुणीही काम करता करता सहज गुणगुणावं, इतका साधा सूर होता तो.

"हाच होता?" त्यानं विचारलं.

मंजुश्रीनं ओठ पुसले. "नाही," ती म्हणाली. "तो लय वर राह्यला."

त्यानं मान हलवली. टॉवेल खांद्यावर टाकला, डबा तिच्याकडं थोडा ओढून घेतला आणि दोन्ही कोपर गुडघ्यांवर टेकवले.

"मंग पुन्हा वरून सुरू कर," तो म्हणाला. "सावकाश ये."